पेन्शन : मेहेरबानी की हक्क?

१८१८ साली दुसरे बाजीराव कंपनी सरकारला शरण आले. स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांना सालीना आठ लाखांचे पेन्शन ठरले. १८५१ साली ते वारले. दत्तकपुत्र नानासाहेबांनी कुटुंबाचा हक्क सांगितला. अजीमुल्लाखानाला विलायतेला धाडले. उत्तर एकच, पेन्शन बाजीरावांच्या हयातीपुरतेच! देणारी कंपनी, निवाडा करणारीही तीच. मग दाद लागायची कशी?

पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच बजावले : पेन्शन म्हणजे मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या नोकरीची ती कमाई आहे. आमच्या शहापूरचे निवृत्त मास्तर कागद घेऊन भंडाऱ्याच्या कचेरीत उभे राहतात, तेव्हा ते याचक नसतात, हक्कदार असतात.