दमदमची गोळी

कोलकात्याचा विमानतळ ज्या भागात आहे, त्याचं नाव दमदम. ‘दमदमा’ म्हणजे तोफांसाठी रचलेला मातीचा उंचवटा. गावाचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. हेच नाव आज युरोपातल्या कित्येक भाषांच्या शब्दकोशांत सापडतं, पण गाव म्हणून नाही. तिथे ‘दमदम’ म्हणजे शरीरात शिरल्यावर फुलणारी बंदुकीची गोळी. एका गावाच्या वाट्याला ही ओळख का आली?

सुरुवात होते एका चांगल्या रायफलपासून. ब्रिटिश सैन्याची जुनी मार्टिनी-हेन्री सुमारे ११ मिलिमीटर जाडीची, ३१ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने फेकायची. १८८८ मध्ये तिच्या जागी ली-मेटफर्ड आली. तिची गोळी अवघी ७.७ मिलिमीटरची, १४ ग्रॅमची. पुढे कॉर्डाइट ही जवळजवळ धूर न करणारी दारू आली आणि वेग ६०० मीटरवर गेला. एवढ्या वेगात नुसतं मऊ शिसं टिकत नाही, म्हणून त्यावर तांबं-निकेलचं कवच चढवलं. गोळी लांब जाऊ लागली, सरळ जाऊ लागली, आणि सैनिकाला जास्त काडतुसं बाळगता येऊ लागली.

पण १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत सैनिक कुरकुरू लागले. त्यांचं म्हणणं असं, की ही गोळी माणसातून आरपार जाते आणि माणूस पुढे येतच राहतो. कारण साधं होतं. जुनं शिसं लागताच चपटं व्हायचं, मोठी जखम करायचं. कवचातली गोळी आकार न बदलता अरुंद भोक पाडून निघून जायची.

दमदमच्या दारूगोळा कारखान्यातल्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी यावर तोड काढली. गोळीच्या नाकावरचं कवच थोडं कमी करून आतलं शिसं उघडं ठेवलं. बस, इतकंच. आता गोळी आत शिरली की नाक फुलायचं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदी टोळ्यांवर चालली. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत इंग्लंडमध्ये बनलेली तिची पोकळ नाकाची बहीण वापरली गेली.

१८९९ मध्ये हेगला शांतता परिषद भरली, तेव्हा हा विषय टेबलावर आला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी गोळीची बाजू मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा: सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, पण ‘रानटी’ माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. बहुसंख्य देशांनी हे मानलं नाही. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले, तरी २९ जुलै १८९९ रोजी फुलणाऱ्या, चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. ब्रिटननेही १९०७ मध्ये तो स्वीकारला.

इथे थांबलो तर गोष्ट गोड वाटेल. पण त्या जाहीरनाम्यातच एक कलम आहे: ही बंदी फक्त करार करणाऱ्या देशांच्या आपसांतल्या युद्धाला लागू. आफ्रिदींनी कुठलाही करार केला नव्हता. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. म्हणजे ज्यांच्या अंगावर ही गोळी चालली, त्यांना या कायद्याने काहीच दिलं नाही.

दुसरी पळवाट कायद्यात नव्हती, भौतिकशास्त्रात होती. १९१० मध्ये ब्रिटनने त्याच जाडीची नवी, टोकदार गोळी घेतली. गोळी हवेत जितका वेग गमावते, तितका आडवा वारा तिला जास्त भरकटवतो. टोकदार गोळीला हवेचा अडथळा कमी, म्हणून ती वाऱ्यात आपली वाट नीट धरते. पण टोक निमुळतं असल्याने वजन मागे सरकतं. या गोळीच्या टोकात तर शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम होतं. नळीतल्या पिळदार खाचांनी दिलेली गिरकी हवेत अशा गोळीला सरळ ठेवते. शरीर मात्र हवेपेक्षा शेकडो पटींनी दाट. तिथे ती गिरकी अपुरी पडते, जड बूड पुढे यायला बघतं आणि गोळी आडवी होऊन कोलांटी खाते. जखम मोठी, पण नाक फुललेलं नाही, कवच पूर्ण. कायदा शाबूत!

तीच गोळी घेऊन ब्रिटन दोन महायुद्धं लढला. पुढे व्हिएतनाममध्ये ५.५६ मिलिमीटरच्या, त्याहून हलक्या आणि वेगवान गोळ्या आल्या. आडव्या होताना त्या अनेकदा फुटायच्या, आणि तोच वाद पुन्हा उभा राहिला. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने लहान कॅलिबरच्या शस्त्रांच्या जखमांवर आणखी संशोधन करा, असं देशांना सांगितलं. नवी बंदी आली नाही.

हेगने गोळीचा आकार मोजला, जखम मोजली नाही. आकार बदलता येतो, हे दमदमच्या कारखान्यानेच तर दाखवलं होतं.