गृह अध्ययन (दत्तकपूर्व) : सातारा व सांगली जिल्हे

मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या घराची व माणसांची सामाजिक कार्यकर्त्याने केलेली पाहणी आणि तिचा अहवाल. व्यवहारात ‘होम स्टडी’. बाल न्याय अधिनियम, २०१५ व दत्तक नियमावली, २०२२ यांनुसार तो बंधनकारक आहे. ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी करून कागदपत्रे दिल्यावर ६० दिवसांत विशेष दत्तक संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष तो करतो. तो तीन वर्षे ग्राह्य असतो.

या मुलखाला दत्तक नवा नाही, पण तो बहुधा वारसासाठी. साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा झाले. आजही पुतण्याला किंवा भाच्याला जमिनीसाठी, नावासाठी दत्तक घेतात. १९५६ च्या हिंदू कायद्याखालील अशा दत्तकपत्राला गृह अध्ययन लागत नाही. नायगावच्या सावित्रीबाई आणि मूळच्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी मात्र एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. रक्ताचे नाते नाही, जात वेगळी. गृह अध्ययनाचा सारा रोख याच बाजूला आहे: घराला वारस मिळतो का, हे त्यात पाहत नाहीत, मुलाला घर मिळते का, हे पाहतात.

कागदपत्रे ठरलेली आहेत: पॅन, जन्म व विवाहाचे दाखले, रहिवास, उत्पन्न, वैद्यकीय प्रमाणपत्र, दोन परिचितांची पत्रे. ऊस उत्पादकाने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. विटा-आटपाडीकडच्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांचे घर गावी आणि दुकान परप्रांतात असते. त्यांनी प्रत्यक्ष राहण्याचाच पत्ता द्यावा.

खरी तयारी घरातल्या माणसांची. पती-पत्नीशी वेगवेगळेही बोलतात. एकत्र कुटुंबात सासूबाईंना विचारले जाते, “मुलगी आली तर चालेल ना? पाहुण्यांना काय सांगाल?” त्या सुनेकडे बघू लागल्या, तर घरात बोलणे झालेले नाही हे लगेच कळते. भावकीत वाटणीचा विषय निघतोच; तोही आधी बोलून घ्यावा. दत्तक असल्याचे मुलापासून लपवण्याचा बेत असेल तर तो सोडावा. मूल लहान असल्यापासून सांगत गेलेले बरे, कारण गावात ही गोष्ट झाकून राहत नाही, आणि ती परक्याच्या तोंडून ऐकणे मुलाला फार लागते.

भिंती रंगवायची किंवा उसने फर्निचर आणायची गरज नाही. भाड्याचे घर चालते. सोसायटीचे कर्ज, जुना आजार किंवा वंध्यत्वावरचे उपचार सरळ सांगावेत. पालक अपात्र ठरले तर कारणे नोंदवून त्यांना कळवावी लागतात आणि त्यावर दाद मागता येते.