मास्तर पडद्यावर, पण पोरांशेजारी कोण?

आपल्या भागात सध्या एक चर्चा जोरात आहे. ज्या वाडीवरच्या शाळेत शिक्षक कमी, तिथं मोठा टीव्ही बसवायचा आणि तालुक्याच्या गावातून एकच शिक्षक व्हिडिओ कॉलवर चार-पाच शाळांना एकदम शिकवणार. कुणी म्हणतं फार चांगलं, कुणी म्हणतं हा शाळा बंद करायचा पहिला टप्पा. माझं म्हणणं शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास पाहू, कारण लांबून शिकवायचा हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. जवळपास सत्तर वर्षं जुना आहे, आणि त्याची एक मोठी चाचणी आपल्याच मराठी मुलखात झालीय.

साल १९५६. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ ग्रामीण मंच’ सुरू केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. विषय शेती, आरोग्य, गावचा कारभार. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची. रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा व्हायची. चर्चा चालवायला गावातलाच एक माणूस नेमलेला असे. लोकांच्या शंका लिहून पुण्याला जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत.

खरी गंमत पुढेच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंच असलेली गावं आणि नुसता रेडिओ असलेली गावं यांची तुलना झाली. मंचाच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली होती. जिथं नुसता रेडिओ होता पण मंच नव्हता, तिथं फारसा फरक पडला नव्हता. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता तो एकत्र बसण्याचा, बोलण्याचा आणि परत विचारण्याचा.

पुढचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसले. सकाळी शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.) ज्या गावांनी कधी सिनेमा पाहिला नव्हता, तिथं उपग्रहावरून चित्र आलं. पण पोराला शंका आली तर ती पडद्याला सांगायची सोय नव्हती. वर्ष संपलं आणि ठरल्याप्रमाणे उपग्रहाची सेवाही थांबली.

१९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजच्या पोरांसाठी दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ आणलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. घरी बसून शिका म्हणणाऱ्या या विद्यापीठानेसुद्धा गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं ठेवली, कारण पुस्तक पोस्टाने पाठवलं तरी अडलेलं विचारायला समोर माणूस लागतो. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला. काही केंद्रांवरून विद्यार्थी शिक्षकाशी बोलू शकत होते, बाकीच्या केंद्रांवर फक्त बघायची सोय.

आणि मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं आणि झूम, गूगल मीट ही नावं वाडीवस्तीवर पोचली. १९५६ मध्ये नव्हतं ते सगळं आता होतं : चित्र, आवाज आणि उलट बोलायची सोय. तरी नडलं कुठं?

पहिली नड फोनची. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. नंतर फोन वाढले. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्याही साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. त्या दिवसांत बातमीसाठी वाड्यांवर फिरायचो तेव्हा हेच दिसायचं. बाप कामाला गेला की फोन त्याच्या खिशात. घरात दोन पोरं असली की मोठ्याचा तास, धाकटा नुसता बसून.

दुसरी नड जास्त खोल होती. ज्यांना फोन मिळाला, ती पोरं एकेकटी होती. चाळीस पोरांचा वर्ग, सगळ्यांचे माइक बंद. ‘समजलं का?’ विचारलं की दोन हुशार पोरं ‘हो सर’ म्हणणार, बाकी गप्प. वर्गात मास्तरला पोराचा चेहरा बघून कळतं की याच्या डोक्यावरून गेलंय. बोटभर चौकटीत काय कळणार? म्हणूनच अनेक शिक्षकांनी कॉल बाजूला ठेवून झाडाखाली, मंदिराच्या ओट्यावर चार-चार पोरांना शिकवलं. त्या शिक्षकांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता माझं म्हणणं. व्हिडिओ कॉल वाईट नाही. वाडीच्या शाळेतल्या पोरांना तालुक्याच्या चांगल्या शिक्षकाकडून इंग्रजी, विज्ञान ऐकायला मिळालं तर कुणाला नकोय? पण १९५६ पासूनचा इतिहास एकच सांगतो : लांबचा आवाज तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा ऐकणाऱ्यांजवळ एक माणूस बसलेला असतो आणि त्यांचा प्रश्न परत पोचतो. जोडीला म्हणून पडदा आला तर फायदा आहे. शिक्षकाच्या बदल्यात आला तर पोरांच्या वाट्याला नुसता रेडिओच येणार.

तेव्हा तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय आला तर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पडदा लागल्यावर वर्गात शिक्षक हजर असणार की नाही? एका तासाला एकूण किती पोरं जोडणार? आणि लाइट किंवा नेट गेलं तर त्या दिवशी शिकवणार कोण?

टीव्ही भिंतीला ठोकायच्या आधी हे विचारलं पाहिजे. नंतर विचारून उपयोग नाही.