न आलेली साथ : अमेरिकेतील १९७६ ची फ्लू-लस आणि लोकांचा विश्वास

१. फ्लूची लस घ्यावी की नाही, हा वाद अमेरिकेत जेव्हा जेव्हा पेटतो, तेव्हा एका सालाचा उल्लेख हमखास होतो : १९७६. त्या वर्षी सरकारने देशातील प्रत्येक नागरिकाला लस टोचण्याचा संकल्प सोडला. चार कोटींहून अधिक लोकांनी ती घेतलीही. ज्या साथीसाठी हा सारा खटाटोप झाला, ती मात्र आलीच नाही. त्या काही महिन्यांत लोकमत कसे पालटले, याचा हा मागोवा.

२. प्रारंभ न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये तेथील १९ वर्षांचा एक नवशिका सैनिक अंगात ताप असताना रात्रीच्या संचलनात सामील झाला आणि कोसळून मरण पावला. तपासणीत आढळलेला विषाणू डुकरांमधील फ्लूच्या विषाणूशी मिळताजुळता होता. तळावरील दोनशेहून अधिक जणांना त्याची लागण होऊन गेल्याचे रक्तचाचण्यांतून पुढे दिसून आले.

३. शास्त्रज्ञ हादरले, त्याला कारण होते. हा विषाणू १९१८ च्या महासाथीच्या विषाणूचा वंशज असावा, असे त्या वेळी मानले जात होते. त्या साथीत अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख माणसे दगावली होती. भारतात तर मृतांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली; मुंबई बंदरातून ती साथ देशभर पसरली होती. १९७६ मध्ये ही आठवण असलेली पिढी हयात होती.

४. रोगनियंत्रण केंद्राचे संचालक डेव्हिड सेन्सर यांच्यापुढे कालगणनेचा पेच होता. फ्लूची लस कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून तयार होते आणि तिला कित्येक महिने लागतात. १९५७ आणि १९६८ च्या साथींत लस पुरेशा प्रमाणात हाती येईपर्यंत उशीर झाला होता. म्हणून सेन्सर यांनी मार्चमध्येच शिफारस केली : लस बनवावी आणि साऱ्या देशाला टोचावी.

५. २४ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी तज्ज्ञांची बैठक बोलावली. पोलिओ लशीचे दोन्ही जनक, जोनास साल्क आणि अल्बर्ट सेबिन, तेथे उपस्थित होते. बैठक संपताच फोर्ड यांनी दूरचित्रवाणीवरून मोहीम जाहीर केली आणि संसदेकडे साडेतेरा कोटी डॉलर मागितले. ते निवडणुकीचे वर्ष होते. आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातील पक्षांतर्गत लढतीत रोनाल्ड रेगन यांनी फोर्ड यांचा पराभव केला होता. हा योगायोग लोकांच्या नजरेतून सुटला नाही.

६. उन्हाळा सरत आला तरी फोर्ट डिक्सबाहेर साथीचा मागमूस नव्हता. दक्षिण गोलार्धातील हिवाळाही शांततेत गेला. जागतिक आरोग्य संघटनेने लक्ष ठेवण्यावरच भर दिला. स्वतः सेबिन यांचे मत पालटले : लस तयार करून साठवावी, साथ दिसली तरच टोचावी. मात्र ‘लस बनवणे’ आणि ‘लस टोचणे’ हे दोन निर्णय आरंभीच एका गाठीत बांधले गेले होते. ती गाठ सोडवण्यास कोणी धजावले नाही.

७. दरम्यान विमा कंपन्यांनी पाय मागे घेतला. कोट्यवधी निरोगी लोकांना लस दिल्यावर कोणाला काही झाले तर भरपाईचे दावे किती येतील, याचा अंदाज त्यांना बांधता येईना. विमा नाही म्हणून उत्पादक लस देईनात. सामान्य माणसाने यातून सरळ अर्थ काढला : ज्यांचा व्यवसायच जोखीम मोजण्याचा, तेच या लशीची हमी घ्यायला तयार नाहीत.

८. जुलैअखेर फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाहून परतलेल्यांमध्ये एक गूढ न्यूमोनिया पसरला आणि कित्येकांचा बळी गेला. हाच तो स्वाइन फ्लू, अशी आवई उठली. काही दिवसांतच ती खोटी ठरली. तो वेगळ्याच जिवाणूचा आजार होता, हे पुढे १९७७ मध्ये सिद्ध झाले. पण त्या भीतीच्या लाटेवर संसदेने कायदा संमत केला आणि १२ ऑगस्ट रोजी फोर्ड यांची स्वाक्षरी झाली. आता लशीविषयीचे दावे थेट सरकारवर दाखल होणार होते.

९. ऑगस्टअखेरच्या गॅलप पाहणीत ९३ टक्के लोकांना मोहिमेची माहिती होती. लस घेण्याचा इरादा मात्र ५३ टक्क्यांचाच होता. या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. प्रचार पोहोचला नाही, असे येथे म्हणता येत नाही. बातमी घरोघरी पोहोचली होती, आणि तिच्यासोबत तज्ज्ञांचे मतभेद, विम्याचा घोळ व निवडणुकीचा वासही पोहोचला होता.

१०. १ ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली. ११ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेल्या तीन वृद्धांचा मृत्यू झाल्याची बातमी पसरली. तिघेही सत्तरीपुढचे आणि हृदयविकाराने ग्रस्त होते. लाखो वृद्धांना लस दिली, तर त्यांतील काही जण त्याच दिवशी अन्य कारणाने दगावणारच, हे सांख्यिकीचे साधे सत्य. ते आधी सांगितले असते, तर ती माहिती ठरली असती; घटनेनंतर सांगितल्यामुळे ती सारवासारव वाटली. नऊ राज्यांनी टोचणी तात्पुरती थांबवली.

११. फोर्ड यांनी १४ ऑक्टोबरला कॅमेऱ्यांसमोर बाही वर करून लस घेतली. मोहीम पुन्हा चालू लागली. परंतु नोव्हेंबरमध्ये मिनेसोटातून एक वेगळी बातमी आली : लस घेतलेल्या एकाला गुलेन-बॅरी सिंड्रोम झाला होता. २०२५ च्या आरंभी पुण्यातील उद्रेकामुळे ‘जीबीएस’ हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. पाठोपाठ अन्य राज्यांतूनही असे रुग्ण समोर आले.

१२. पिट्सबर्गची भीती निराधार होती, ही मात्र तशी नव्हती. लस घेतलेल्या दर एक लाख लोकांमागे साधारण एक जादा रुग्ण, असा अंदाज पुढील अभ्यासांतून निघाला. साथ धुमसत असती, तर ही जोखीम बहुतेकांनी पत्करली असती. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हते. १६ डिसेंबरला मोहीम स्थगित झाली आणि पुढे सरकारवर चार हजारांहून अधिक दावे दाखल झाले.

१३. स्थगितीचा एक परिणाम विचित्र होता. वृद्धांसाठीच्या मात्रेत नेहमीच्या ‘व्हिक्टोरिया’ फ्लूवरील लसही मिसळलेली होती, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली. १९७७ च्या आरंभी मायामीतील एका वृद्धाश्रमात नेमका तोच फ्लू पसरला. आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी फेब्रुवारीत जोखमीच्या गटांसाठी ती लस पुन्हा खुली केली. त्याच सुमारास सेन्सर यांना पद सोडावे लागले.

१४. कॅलिफॅनो यांच्या सांगण्यावरून रिचर्ड न्यूस्टाट आणि हार्वी फाइनबर्ग यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून १९७८ मध्ये अहवाल सादर केला. तुटपुंज्या पुराव्यावर अवाजवी आत्मविश्वास आणि निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी टप्पेच न ठेवणे, या त्यांनी दाखवलेल्या मुख्य त्रुटी होत्या. सेन्सर यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली : प्राणांचा प्रश्न असेल तेव्हा कमी करून चुकण्यापेक्षा जास्त करून चुकलेले बरे. हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. साथ आली असती, तर तोच माणूस दूरदर्शी ठरला असता.

१५. २००९ मध्ये चित्र उलटे होते. तेव्हा स्वाइन फ्लू खरोखरच आला, लस मात्र मागाहून. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधलेली माणसे रस्तोरस्ती दिसू लागली. भारतीय बनावटीची लस बाजारात यायला २०१० चे मध्य उजाडले. तोवर पहिल्या लाटेतील धास्ती बरीच ओसरली होती.

१६. १९७६ मध्ये लस नाकारणाऱ्या साऱ्यांनाच अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पुरावा तसे सांगत नाही. महासाथ येण्याची शक्यता होती, खात्री नव्हती, आणि हे सेन्सर यांच्यापासून सेबिन यांच्यापर्यंत सर्वांना ठाऊक होते. लोकांपुढे मात्र ती शक्यता जवळजवळ निश्चितीच्या भाषेत ठेवली गेली. पुढे प्रत्येक आठवड्याला वास्तव त्या भाषेपासून दूर जात राहिले आणि पुढच्या लशींना लागणारा विश्वास त्या अंतराने खर्ची पडला. (समाप्त)