जुन्या स्पोर्ट्स कारची देखभाल : खर्च, विश्वास आणि ज्ञान (एमजीबी मोटारीच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : एमजीबी, देखभाल खर्च, गॅरेज, सुटे भाग, कारागिरी, ग्राहकहित

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या कंपनीने कोणते मॉडेल कधी आणले व किती विकले, याच्या नोंदी मुबलक आहेत. त्या मानाने मोटार विकल्यानंतरच्या दीर्घ कालखंडाकडे, म्हणजेच तिची देखभाल, दुरुस्ती व त्यांवरील खर्च यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः मोटार कारखान्यात काही दिवसांत तयार होते आणि मालकाकडे कित्येक दशके राहते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही गोष्ट अधिक ठळकपणे जाणवते. ती हौसेने घेतली जाते, हौसेनेच सांभाळली जाते आणि गॅरेजच्या बिलांमुळे अनेकदा हौसेवरच पाणी पडते.

प्रस्तुत शोधनिबंधात एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या आधारे जुन्या मोटारीच्या देखभालीचा इतिहास तपासला आहे. अशा मोटारीचा खर्च केवळ तिच्या यंत्ररचनेतून उद्भवतो की दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती आहे यावरही तो अवलंबून असतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

एमजीबीची जडणघडण

ऑक्सफर्डमधील मॉरिस गॅरेजेस या व्यवसायातून एमजी हे नाव पुढे आले. अॅबिंग्डन येथील कारखान्यात तयार झालेली एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या व त्यांपैकी बहुसंख्य उत्तर अमेरिकेत गेल्या. सामान्य मध्यमवर्गीयास परवडणारी स्पोर्ट्स कार, हे तिचे वैशिष्ट्य होते.

ही परवड शक्य झाली ती तिच्या साधेपणामुळे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सिरीज' या कुळातील होते आणि याच कुळातील इंजिने कंपनीच्या साध्या कौटुंबिक गाड्यांतही बसवली जात. मात्र एका बाबतीत एमजीबी तिच्या पूर्वीच्या एमजीए या गाडीपेक्षा वेगळी होती. एमजीएला स्वतंत्र चासी होती. एमजीबीत बॉडी हाच गाडीचा सांगाडा होता. त्यामुळे गाडी हलकी व प्रशस्त झाली. परंतु पत्र्याला लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न न राहता गाडीच्या मजबुतीचा प्रश्न बनला.

खर्चाचे स्वरूप

एमजीबीच्या खर्चाची विभागणी स्थूलमानाने तीन प्रकारांत करता येते.

पहिला प्रकार नियमित देखभालीचा. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ठराविक अंतराने ग्रीस द्यावे लागते. जोडीने बसवलेल्या दोन एसयू कार्बोरेटरांचा मेळ जमवावा लागतो. तो बिघडला की इंजिन अडखळते आणि पेट्रोल अधिक जळते. तारांच्या चाकांचे दाते झिजतात. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. सुरुवातीच्या गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले होते. ही बाब ठाऊक नसलेल्या मेकॅनिकने आधुनिक उपकरण जोडल्यास ते जळून जाते. यांपैकी कोणतेही काम अवघड नाही, परंतु प्रत्येक काम माहितगार हात मागते.

दुसरा प्रकार गंजाचा. दरवाज्याखालील पोकळ पट्ट्यांमध्ये पाणी साचून त्या आतून सडतात. वरून रंग चकचकीत असला तरी आतील पत्रा गेलेला असू शकतो. त्या नीट बदलायच्या तर पुढच्या मडगार्डचा खालचा भागही कापावा लागतो. यात नव्या पत्र्याची किंमत अल्प आणि कापणे, बेतणे, वेल्डिंग करणे व रंगवणे यांची मजुरी फार मोठी असते. पश्चिमी देशांत मजुरी तासावर आकारली जात असल्याने काम उघडल्यानंतर प्रत्यक्ष बिल मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे जाते.

तिसरा प्रकार बाहेरील बदलांमुळे लादल्या गेलेल्या खर्चाचा. अमेरिकेच्या सुरक्षा व प्रदूषणविषयक नियमांमुळे १९७४ च्या उत्तरार्धापासून या गाडीला रबरी बंपर आले व तिची उंची वाढवावी लागली. पुढे अमेरिकेतील गाड्यांत दोन कार्बोरेटरांऐवजी एकच बसवला गेला आणि प्रदूषण-नियंत्रणाच्या नळ्यांचे जाळे वाढले. ब्रिटनमध्ये २००० च्या प्रारंभी शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, तेव्हा जुन्या इंजिनांच्या वॉल्व्ह सीट झिजण्याचा धोका निर्माण झाला व अनेक मालकांना इंजिनाचे हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागल्या. २०२१ मध्ये तेथे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल प्रमाण इंधन ठरल्यावर जुन्या रबरी नळ्या बदलण्याचे काम उभे राहिले. मालकाने गाडी कितीही जपली, तरी सभोवतालचे जग बदलले की खर्च येतोच.

गॅरेज आणि अविश्वास

या खर्चापेक्षाही मालकांना अधिक त्रासदायक ठरतो तो गॅरेजचा अनुभव. तीच तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा जाणे, गरज नसताना भाग बदलला जाणे, गाडी आठवडेच्या आठवडे अडकून पडणे, हे अनुभव सार्वत्रिक आहेत. त्यांचे मूळ केवळ मेकॅनिकच्या लबाडीत शोधणे मात्र अपुरे ठरेल.

जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन विक्रेता व ग्राहक यांच्या माहितीतील विषमता मांडली. १९७३ मध्ये मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी हा विचार दुरुस्तीच्या सेवेपर्यंत नेला. काही सेवांची गुणवत्ता ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही पडताळता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. निदान करणारा आणि त्या निदानावर पैसे मिळवणारा एकच असतो, ही या व्यवहारातील मूळ अडचण आहे.

अमेरिकेत सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीने १९६८ पासून मोटारदुरुस्ती व्यवसायाची सुनावणी घेतली. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये मोटारदुरुस्तीविषयक कायदा केला. कामाआधी लेखी अंदाजपत्रक देणे, ग्राहकाच्या संमतीशिवाय त्यापेक्षा अधिक रक्कम न आकारणे आणि मागितल्यास काढलेले जुने भाग परत करणे, ही बंधने त्याने गॅरेजवर घातली. जुना भाग ग्राहकाच्या हाती देण्याची तरतूद साधी वाटली तरी अर्थपूर्ण आहे. दुरुस्ती खरोखर झाली याचा तो एकमेव दृश्य पुरावा असतो.

तथापि जुन्या मोटारीपुढे कायद्याचीही मर्यादा उघड होते. गंजलेला नट सहज सुटेल की तुटेल, हे प्रामाणिक मेकॅनिकलाही आधी सांगता येत नाही. प्रत्येक कामास ठराविक वेळ गृहीत धरणाऱ्या गॅरेजला अशी गाडी तोट्याची वाटते. शिवाय १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना संगणकीय निदानाची जोडणी सक्तीची झाली. त्यानंतर तयार झालेला मेकॅनिक यंत्रावरील संकेतांक वाचण्यात तरबेज असतो. कानाने इंजिन ऐकून कार्बोरेटर लावण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते. म्हणजेच मालकाच्या वाट्याला येणारा मनस्ताप हा पुष्कळदा फसवणुकीचा नसून लोपत चाललेल्या कौशल्याचा असतो.

मालकांचे संघटन

कारखाना १९८० मध्ये बंद झाल्यावर एमजीबी नामशेष व्हावयास हवी होती. तसे घडले नाही. एमजी कार क्लब १९३० पासून, तर एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून कार्यरत होता. या संस्थांच्या नियतकालिकांतून व मेळाव्यांतून दुरुस्तीची माहिती मालकांपर्यंत पोहोचली. लॉस एंजेलिस येथे अल मॉस यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायासारख्या संस्थांनी सुट्या भागांचा पुरवठा टिकवला. सर्वांत महत्त्वाची घटना १९८८ मधील होय. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे शोधून, दुरुस्त करून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी तयार करण्यास प्रारंभ केला. सडलेल्या गाडीचे इंजिन व इतर भाग नव्या सांगाड्यात बसवणे त्यामुळे शक्य झाले.

भाग मिळू लागले तरी सर्व प्रश्न सुटले नाहीत. नव्याने बनवलेले काही रबरी व विजेचे भाग मुळाइतके टिकत नाहीत, अशी तक्रार कायम आहे. भाग स्वस्त असला तरी तो पुन्हा बदलण्याची मजुरी दुप्पट होते.

भारतीय संदर्भ

एमजीबीच्या इंजिनाचे कूळ भारतीयांना अपरिचित नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये दीर्घकाळ वापरलेले १४८९ सीसीचे इंजिन याच बी-सिरीजचे होते. तेथे मात्र देखभालीचा इतिहास वेगळा घडला. आयात-निर्बंधांमुळे रस्त्यावर मोजकीच मॉडेल्स होती, त्यामुळे त्यांचे ज्ञान गावोगावच्या मिस्त्रींपर्यंत झिरपले. मजुरी स्वल्प असल्याने भाग बदलण्यापेक्षा तो दुरुस्त करण्याकडे कल राहिला. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचेही हेच झाले; रस्त्याच्या कडेला उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांनी ती २०२३ पर्यंत चालती ठेवली. या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मूळ भागांच्या अभावी अनेक जुन्या विदेशी गाड्यांत परकी इंजिने बसवली गेली आणि त्यांचे अस्सलपण हरवले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. ते कारागीर घडवण्याच्या प्रश्नास स्पर्श करीत नाहीत.

निष्कर्ष

१. जुन्या स्पोर्ट्स कारच्या खर्चात सुट्या भागांपेक्षा मजुरी व निदान यांचा वाटा निर्णायक ठरतो.

२. गॅरेजविषयीच्या अविश्वासाचे मूळ व्यक्तीच्या अप्रामाणिकपणाइतकेच माहितीच्या विषम वाटणीत आहे.

३. कायदा व्यवहार पारदर्शक करू शकतो. तो कौशल्य निर्माण करू शकत नाही.

४. उत्पादक थांबल्यावरही मालकांच्या संघटनांमुळे यंत्र जिवंत राहू शकते.

५. एकाच कुळातील इंजिनाची देखभाल ब्रिटनमध्ये महागडी हौस आणि भारतात रोजचा व्यवहार ठरली. हा भेद मजुरीच्या दराचा तर आहेच. पण तितकाच तो ज्ञान किती हातांत विखुरलेले आहे याचाही आहे.

साचे जपता येतात, बॉडी नव्याने घडवता येते. कार्बोरेटर लावणारा हात मात्र दुसऱ्या हाताला शिकवल्याशिवाय टिकत नाही. म्हणून जुन्या मोटारींच्या जतनाचा विचार करताना वाहनाबरोबरच ते जाणणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाची नोंद होणे आणि ते पुढील पिढीकडे पोहोचणे तितकेच अगत्याचे आहे.