कहाणीतली राजकन्या कॉलेजात जाते तेव्हा

भगिनींनो, आपण लहानपणी ऐकलेल्या कहाण्यांत आटपाट नगर असे, तेथे राजा असे आणि राजाला एक लाडकी कन्या असे. ती उपवर झाली की राजा दवंडी पिटवी : जो राक्षसाला मारील, त्याला अर्धे राज्य आणि राजकन्या! ऐकताना आपले सारे लक्ष त्या शूर तरुणाकडे असे. राजकन्येला कोणी विचारले काय, हा प्रश्न आपल्या मनात येत नसे. अर्ध्या राज्याबरोबर तीही दिली जाई. ती काय शिकली होती, हे तर कहाणी कधीच सांगत नसे.

ही रीत कहाण्यांपुरती नव्हती. आपल्या जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या घरी जिजाबाईंचा जन्म झाला. त्यांच्या सोयरिकीची आख्यायिका आपण सर्वजणी जाणतो. रंगपंचमीच्या दिवशी वडीलधारे थट्टेत एक शब्द बोलतात, त्या शब्दावरून पुढे मानापमान होतो आणि अखेर लग्न ठरते. मुलगी तेव्हा रंग खेळत असते. पुढे जिजाबाई राजमाता झाल्या, हे त्यांचे स्वतःचे थोरपण. सोयरीक मात्र ठरली ती थोरांच्या बैठकीत.

अशी एखादी राजकन्या वह्यापुस्तके घेऊन कॉलेजात गेली तर? स्नेहसंमेलनातील नाटुकल्याला हा विषय छान शोभेल. परंतु नुसती कल्पना करण्याचे कारण नाही. हे खरोखरच घडले आहे, आणि तेही एका मराठी राजघराण्यात.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र म्हणजेच एक कहाणी. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला आणि त्याचे खरे शिक्षण त्यानंतरच सुरू झाले. विद्येचे मोल त्यांनी असे ओळखले की, १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. त्यात मुलीही आल्या. त्यांच्या राणी चिमणाबाई याही स्त्रीशिक्षणाच्या कैवारी. या दांपत्याची कन्या इंदिराराजे, जन्म १८९२ चा. लोकांच्या मुलींना शाळेत धाडणाऱ्या राजाने स्वतःची मुलगी पडद्यात ठेवली नाही. इंदिराराजे बडोदे कॉलेजात शिकल्या. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या देशातील पहिल्या राजकन्यांत त्यांची गणना होते.

त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरले होते. घराणे मोठे, तोलामोलाचे आणि मराठा. पण वर वयाने सुमारे पंधरा वर्षांनी मोठे, आणि त्यांची पहिली पत्नी हयात. १९११ च्या डिसेंबरात दिल्लीला बादशहाचा दरबार भरला. तेथे इंदिराराजे यांची कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी मैत्री जुळली. त्याच सुमारास त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून लग्नाला नकार कळविला. बडोद्याला याची वार्ता लागली ती ग्वाल्हेरहून विचारणेची तार आली तेव्हा! आटपाट नगराच्या राजकन्येने दवंडीलाच उत्तर धाडले म्हणावयाचे.

मग गहजब झाला. कुचबिहार हे लहान संस्थान, घराणे बंगालकडचे, वळण ब्राह्मो. आईबापांना हे स्थळ मुळीच पसंत नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. त्याच १९११ साली चिमणाबाईंचा, एका सहलेखकासह लिहिलेला, भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. जगातील स्त्रियांच्या उन्नतीचा विचार करणाऱ्या आईला घरातल्या लेकीचा निर्णय मात्र पचविणे जड गेले. यात चिमणाबाईंना कमी लेखण्याचा हेतू नाही. १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. इतक्या थोर स्त्रीलाही जे अवघड वाटले, ते आपणांस सोपे कसे वाटावे?

लग्न अखेर १९१३ साली लंडनमध्ये झाले; आईवडील त्याला नव्हते. पुढे सारे सुखाचेच झाले असेही नाही. जितेंद्र नारायण १९२२ साली निवर्तले. तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी पाच मुले आणि गादीवर अल्पवयीन पुत्र. इंदिरादेवींनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १९३६ साली मुलगा जाणता होऊन अधिकारावर येईपर्यंत चालविला. नकाराचे पत्र लिहिणारी लेखणी आता राज्याच्या कागदांवर चालू लागली.

त्यांच्या कन्या गायत्रीदेवी शांतिनिकेतनात शिकल्या आणि १९४० साली जयपूरच्या महाराजांच्या तिसऱ्या पत्नी झाल्या. आईने सवत असलेले घर नाकारले, लेकीने ते पत्करले! निर्णय उलट, पण दोघींचेही स्वतःचे. १९४३ साली गायत्रीदेवींनी जयपूरला मुलींची शाळा काढली आणि १९६२ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या.

हे राजवाड्यांत घडत होते तेव्हा आपला मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलीला ते दूरचे आणि परके. १९४८ साली मुक्ती मिळाली, १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे कॉलेज औरंगाबादेत निघाले आणि १९५८ साली तेथेच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. राजकन्येला जे १९११ पूर्वी मिळाले, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, दुकानदाराच्या लेकीच्या वाटेवर यायला असा काळ जावा लागला.

आज आपल्या मुली बसने, सायकलने कॉलेजात जातात, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु मुलीला शिकविणे म्हणजे तिची फी भरणे एवढेच नव्हे. विचार करावयास शिकलेली मुलगी एके दिवशी आपल्यापुढे स्वतःचा विचार मांडणारच. तो नोकरीचा असेल, पुढील शिक्षणाचा असेल किंवा लग्नाचा असेल. आपल्याला पटेल किंवा पटणार नाही. त्या दिवशी तिला परक्या गावाहून पत्र लिहावे न लागता घरात, आपल्याजवळ बसून बोलता यावे, इतकी जागा आपण राखली पाहिजे. वर्धापनदिनी मंडळाच्या भगिनींनी एवढा एक विचार घरी न्यावा.