आगीच्या पंपाचे इंजिन मोटारीत

एका कामासाठी बनवलेले इंजिन दुसऱ्याच गाडीत बसवले तर चालेल का? इंग्लंडमधील एका इंजिनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१९५० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला आग विझवण्यासाठी नवा पंप हवा होता. पाणी दुप्पट फेकले पाहिजे आणि वजन मात्र निम्मेच, अशी अट होती. कोव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीत वॉल्टर हसन आणि हॅरी मंडी यांनी त्यासाठी ॲल्युमिनियमचे १०२० घनसेंटिमीटरचे इंजिन तयार केले. त्याचे नाव ‘फेदरवेट’, म्हणजे पिसासारखे हलके.

कमी वजनात जास्त शक्ती ही तर शर्यतीच्या मोटारीचीही गरज! म्हणून त्याचेच १०९८ घनसेंटिमीटरचे रूप तयार झाले. १९५६ साली फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे इंजिन बसवलेली लोटस इलेव्हन आपल्या गटात पहिली आली.

१९६३ साली याच घराण्यातले ८७५ घनसेंटिमीटरचे इंजिन हिलमन इम्प या छोट्या मोटारीच्या मागच्या भागात बसले. पुढे बाँड ८७५ या तीनचाकी गाडीनेही तेच घेतले. पण शर्यतीच्या गाडीमागे मेकॅनिक असतात, घरच्या गाडीकडे एवढे लक्ष कोण देणार? बिडापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंड ठेवणारे पाणी कमी पडले, की इंजिनाचे हेड वाकडे होई. लवकर तापणारी गाडी म्हणून इम्पचे नाव खराब झाले.

धातूंचे प्रसरण शिकवताना वर्गात ही हकीकत जरूर सांगावी. हलकेपणाच्या बदल्यात कोणती काळजी घ्यावी लागते, ते मुलांनाच शोधू द्यावे.